साहेबांची भाजीतुला

भाजीपाला शीतगृह, समुद्रपूर
भूमिपूजन
श्री. महादेवराव निखाडे, सदस्य, जिल्हा परिषद, यांच्या शुभहस्ते
सन १९९४

हा मजकूर तुम्हाला वाचता आला. फोटोग्राफरला आला नाही.

महादेवराव निखाडेंचा अमृतमहोत्सव रविवारवर आला होता. गौरव अंकात साहेबांच्या सगळ्या कोनशिलांचे फोटो छापायचं ठरलं होतं, म्हणून फोटोग्राफर भर उन्हात समुद्रपूरच्या बाहेर बाभळीच्या रानात पोचला. तिथं एकच भिंत उभी होती. शीतगृह तेवढंच बांधून झालं होतं, कोनशिला लावायला लागते तेवढं. त्या भिंतीच्या मधोमध आता चौकोनी भोक होतं. भोकातून पलीकडची बकरी त्याच्याकडे बघत होती. भोकाखाली नारळाच्या दोन वाट्या पडल्या होत्या.

त्यानं भोकाचाच फोटो काढला आणि साहेबांच्या मुलाला, रत्नदीपला पाठवला. खाली लिहिलं, "सर, हा घेऊ का?"

संध्याकाळपर्यंत असे नऊ फोटो आले. नऊ भोकं.

---

भाजी बाजार ओटे, वडनेर
भूमिपूजन
मा. आ. महादेवराव निखाडे यांच्या शुभहस्ते
सन १९९९

उज्वलाताईंचं ऑफिस सिंदी मेघेला, मिठाईच्या दुकानावर. धंदा सोयरिकीच्या चौकशीचा. लग्नाआधी मुलीकडचे यायचे, मुलाचं नाव-गाव द्यायचे, आणि ताई चार दिवसांत सांगायच्या की पोरगी द्यावी की नाही.

"एक नियम आहे माझा," रत्नदीप बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "जेवढं विचाराल तेवढंच सांगते. पोरगा पितो का विचारलं, तर पितो की नाही ते सांगीन. मारतो का, हे तुम्ही विचारलं पाहिजे."

"वर्ध्यात दारूबंदी आहे, ताई."

"म्हणून तर माझा धंदा चालतो."

रत्नदीप हसला नाही. त्याच्यामागे दाराशी एक साठीचा माणूस उभा होता. पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, हातात साहेबांच्या पत्रिकांची पिशवी. हे बंडूजी. तीस वर्षं साहेबांबरोबर. साहेबांनी कुदळ मारायची, तर कुदळ बंडूजींनी आणायची. साहेबांच्या भाषणाआधी माईकवर उभं राहून कोनशिला मोठ्यानं वाचून दाखवायची, तेही त्यांचंच काम.

"रविवारी प्रदेशाध्यक्ष येतात," रत्नदीप म्हणाला. "बाबांची तुला झाली की तिथंच, माईकवर, माझं तिकीट जाहीर होणार. त्याआधी 'निखाडेंच्या कोनशिला गायब' असं पेपरात आलं तर लोक हसतील. आणि ज्याच्यावर लोक हसतात त्याला तिकीट मिळत नाही. पोलिसात जाता येत नाही. मला दगड हवेत. रविवारच्या आत."

"गावात विचारलं का कोणी?"

"विचारलं ना," बंडूजी दारातूनच म्हणाले. "म्या पोरायले गावागावात धाडलं. चोर पाह्यला का म्हणून इच्यारलं. कोणालेच नाई दिसला बाप्पा."

"तुम्ही मला जागा दाखवाल?"

"हाव. माही गाडी हाय ना."

जिना उतरताना रत्नदीप सहज बोलल्यासारखं म्हणाला, "बाबांची तुला आधी लाडूंची ठरली होती. बंडूजींनीच सुचवलं, बाबा भाजीवाल्यांचे पुढारी, मग भाजीतुला करा. लोकांना फार आवडलं."

---

मुलींचे वसतिगृह, समुद्रपूर
भूमिपूजन
मा. ना. महादेवराव निखाडे, राज्यमंत्री, यांच्या शुभहस्ते
सन २००९

चोर पाहिला का?

नाई.

नाई जी.

आमच्या गावात चोर कायले येईन? हाय काय चोरायले?

नाई. कुत्रंबी नाई भुकलं.

रात्री म्हनता? रात्री तं आमी झोपतो भाऊ.

बंडूजींनी धाडलेल्या पोरांनी आणलेली उत्तरं अशी होती. उज्वलाताईंनी वसतिगृहाच्या जागेवर तो प्रश्न विचारलाच नाही. सोयरिकीच्या चौकशीत त्या मुलाबद्दल कधी विचारत नसत. शेजाऱ्याकडे जाऊन शेजाऱ्याचीच विचारपूस करायच्या.

बंडूजींना त्यांनी चहा सांगायला टपरीवर पाठवलं. वसतिगृहाच्या जागेत आता भेंडी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावलेला होता. शालूबाई बांधावर बसून सांभाराच्या जुड्या बांधत होत्या.

"बाई, या दगडाच्या ओट्यावर कोणी वड्या वाळवते का?"

"मीच वाळवतो ना! गुळगुळीत होता ना दगड, चिकटे नाई. आता पाह्य, खाटेवर टाकल्या तं साऱ्या चिकटल्या."

"मग आता?"

"आता काय. पालिश होऊन येईपावतर खाटेवरच."

ताईंनी जुडी हातात घेतली, वास घेतला. "पॉलिशला गेला का दगड?"

"हाव. साहेबाचा वाढदिवस हाय ना. समितीची गाडी आलती, पाटी लावलेली. दोन मिस्त्री. दुपारीच आलते, माह्यासमोर. चांगला ठोकून ठोकून काढला, एक टवका नाई उडू देला. मी म्हनलं, लवकर आना भाऊ, माह्या वड्या राह्यल्या."

"कोण होतं गाडीत?"

"एक जन होता, पन तोंडाले दुपट्टा. ऊन केवढं! त्यानं पयले नारळ फोडला, मंग दगडाले हात लावू देला. प्रसाद देला मले. मी म्हनलं, काढाले कोनी नारळ फोडते का? तं तो म्हने, लावताना फोडलता, मंग काढतानाबी फोडाले पाह्यजे."

"पोरांनी विचारलं तेव्हा सांगितलं नाही तुम्ही?"

शालूबाईंनी त्यांच्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "त्यायनं चोर इच्यारला. चोर कुठी होता वो?"

---

बोर नळयोजना, सात गावे
भूमिपूजन
मा. ना. महादेवराव निखाडे, राज्यमंत्री, यांच्या शुभहस्ते
सन २०११

नानाजी पाच वेळा महादेवरावांविरुद्ध उभे राहिले आणि पाच वेळा पडले. शिवाय पाचही वेळा मतमोजणीच्या दिवशी त्यांचा मंडप उडाला, असं लोक सांगतात. तो उडाला एकदाच, पण नानाजी स्वतःच पाचही म्हणतात.

"दुश्मन म्हनून माह्याच दारात येनार, माहीत होतं मले," ते म्हणाले. "बसा. बंडू, तूबी बस. तुह्यासाठी तं खुर्ची ठेवतो मी, येजो म्हनतो पक्षात, पन तू नाई येत."

बंडूजी उभेच राहिले.

"दगड तुम्ही नेले?" उज्वलाताईंनी विचारलं.

"माह्या प्रचाराचं सामान हाय ते, बाई! मी हर निवडणुकीत एकेका दगडापुढं उभा राह्यतो. मागं बोट दाखवतो. भाषण करायची जरूरतच नाई. अन् मी ते चोरून घरात ठेवू? पागल नाई झालो मी. उद्या माणूस म्हनन, नानाजी, कायचं शीतगृह? दाखवा दगड. मी काय दाखवू, भोक?"

"सगळेच गेले?"

"सगळे काऊन जातीन? बसस्टँडवरचा हाय. शाळेवरचा हाय. जे झालं त्याचा दगड जाग्यावर हाय. जे नाई झालं त्याचाच गेला. चोर लय अभ्यासू हाय." ते बंडूजींकडे बघून हसले. "एका झटक्यात नारळ फोडनारा माणूस पाह्यजे होता मले पक्षात. दोन सारख्या वाट्या. निखाड्यानं आख्ख्या आयुष्यात एकच चीज बरोबर केली, बंडू ठेवला."

बंडूजी म्हणाले, "चला ताई. उशीर होऊन राह्यला."

---

शेतमाल प्रक्रिया केंद्र, समुद्रपूर
भूमिपूजन
मा. ना. महादेवराव निखाडे, राज्यमंत्री, यांच्या शुभहस्ते
सन २०१३

मोहिनी साहेबांची थोरली. वर्ध्याला वकिली करते. जिल्हा परिषदेची एक निवडणूक जिंकली, दुसऱ्या वेळी वडिलांनी तिच्या जागी रत्नदीपला उभं केलं. तेव्हापासून ती दिवाळीला येते आणि जेवून परत जाते.

"मी नाही," ती म्हणाली. "पण कुणी केलं ते कळलं तर त्याला जेवायला बोलवीन."

"तुमच्याकडे कारण आहे."

"आहे ना. बाबा लहानपणी आम्हाला गोष्ट सांगायचे. कलेक्टर ऑफिससमोर त्यांनी बैलगाडीभर वांगी ओतली होती, सडलेली. 'भाजी सडते, सरकार हसते.' त्या एका गाडीवर ते निवडून आले. मी ती गोष्ट ऐकून वकील झाले. मग मोठी झाल्यावर कळलं की वांगी त्यांची नव्हतीच. बंडूकाकांची होती. गाडी पण त्यांचीच."

तिनं समोरची फाईल बंद केली.

"ताई, एक सांगू? दगड लपवायचे असते तर फोडून नाल्यात टाकले असते. नऊ जागी एक तुकडा पडलेला नाही, म्हणजे फोडले नाहीत. एवढं वजन कुणी घरात ठेवत नाही, फोडायला सोपं असताना. मला सूड घ्यायचा असता तर मी ते लपवले नसते. सगळ्यांसमोर मांडले असते."

उज्वलाताईंनी हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवल्यासारखं ठेवलं.

---

माजी राज्यमंत्री मा. महादेवराव निखाडे यांच्या शुभहस्ते

(या दगडावर कामाचं नाव नाही. कोपरा आधीच तुटला होता आणि काम काय होतं ते गावातल्या कोणालाच आठवलं नाही.)

साहेब अंगणात बाजेवर बसले होते. पंचाहत्तरी, तरी कपडे कडक इस्त्रीचे. मागे बंडूजी पाण्याचा तांब्या घेऊन उभे. मग कोणीतरी हाक मारली म्हणून ते आत गेले.

"कोण करन?" साहेब म्हणाले. "माह्यावर जळनारे लय हायत. पन एक सांगतो तुमाले. दगडाची ताकद लोकायले समजत नाई. काम करायले सात वर्षं लागतात अन् उद्घाटन दुसराच करते. दगड त्याच दिवशी लागते. माणूस रोज जाता-येता वाचते. मनात घर करते ते."

"बोरखेडीच्या नाल्यावर दोन दगड लागले म्हणे."

साहेबांनी आत बघितलं, बंडूजी जिकडे गेले होते तिकडे, आणि आवाज खाली केला.

"पयला लागला तवा बंडूच्या पोरीची सोयरिक चालू होती त्याच गावात. गुंजन. नाल्यापलीकडं द्यायचं म्हनून बंडू कचरत होता. मी भाषणातच म्हनलं, 'बंडू, तुही पोरगी या पुलावरून नांदाले जाईन.' टाळ्याच टाळ्या. झालं लग्न. पूल काही झाला नाई, बजेट येते-जाते. मंग त्या पावसाळ्यात रपट्यावरून गाडी गेली वाहून. जावई बाभळीले धरून वाचला. पोरगी..." त्यांनी हात उलटा केला. "मी चवथ्या दिवशी तिथंच गेलो. दुसरा दगड लावला. 'स्व. गुंजन सेतू.' पोरीचं नाव देलं पुलाले."

"तो पूल?"

"होईन ना. पन पाह्य, नाव देलं म्हनून बंडू आजही माह्यासंगं हाय. दुसरा असता तं गेला असता. माणूस नावाले भुकेला असते, बाई. नारळ त्यानंच फोडला त्या दिवशी."

बंडूजी पाणी घेऊन बाहेर आले. साहेब लगेच हसून म्हणाले, "हा माहा उजवा हात."

---

बोरखेडी नाला पूल
भूमिपूजन
मा. ना. महादेवराव निखाडे यांच्या शुभहस्ते

स्व. गुंजन सेतू, बोरखेडी नाला
पुनर्भूमिपूजन
मा. महादेवराव निखाडे, माजी राज्यमंत्री, यांच्या शुभहस्ते

बंडूजींनी नाल्याच्या अलीकडे गाडी थांबवली. इतर आठही ठिकाणी ते उतरले होते, भोकात हात घालून दाखवलं होतं. इथं चावी बंद करून बसले.

"तुमी पाहून या, ताई. मले तिकडं उतरायचं नाई."

नाला कोरडा होता. सिमेंटचा रपटा, पुराचं पाणी वरून जाणारा, एका बाजूचा कठडा नाही. रपट्याच्या तोंडाशी एक ओटा. ओट्यावर शेजारी शेजारी दोन जागा.

डावीकडे भोक. खाली नारळाच्या दोन सारख्या वाट्या.

उजवीकडे दगड. जागच्या जागी. आजूबाजूला सगळीकडे फुफाटा होता आणि या दगडावर धुळीचा कण नव्हता. कोणीतरी तो पाण्यानं धुतला होता. खालच्या ओळी, ज्यात साहेबांचं नाव होतं, त्यांवर ओल्या मातीचा जाड थर दिला होता. वर फक्त एकच नाव वाचता येत होतं. आणि त्यापुढे एक शेवंतीचं फूल, आजचं.

उज्वलाताईंनी दोन्ही जागा पुन्हा पाहिल्या. दोन दगड, एकच जागा, एकच न झालेला पूल. चोर एक घेऊन गेला आणि एक धुऊन गेला.

परत येऊन त्या गाडीत बसल्या. बंडूजींनी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. गाडीच्या आरशाला एक छोटा आरसा बांधला होता, प्लॅस्टिकच्या गुलाबी फ्रेमचा. मुलींच्या दप्तरात असतो तसा.

---

(इथं नऊही दगड होते. तुम्हाला ते अजून दिसलेले नाहीत.)

शनिवारी दुपारी उज्वलाताई बंडूजींच्या आवारात गेल्या.

अंगणात प्लॅस्टिकचे क्रेट मांडलेले. शेतकऱ्यांकडून आलेली वांगी, टमाटर, भेंडी, कोहळी. कडेला मोठा लोखंडी काटा, जुन्या जिनिंगमधून आणलेला, कापसाच्या गाठी तोलायचा. आडवी दांडी, दोन्हीकडे साखळ्यांना फळ्यांची पारडी. बंडूजी नऊ क्रेट वेगळे लावून त्यांच्यावर सांभार पसरत होते. सांभारावर ओलं बारदान टाकत होते, कोमेजू नये म्हणून.

"इलेक्ट्रॉनिक काटा नाही आणला?" ताईंनी विचारलं.

"त्यात साहेब वर जाताना दिसत नाई."

ताई बाजूच्या दगडी पायरीवर बसल्या. आणि मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, न विचारलेलं सांगितलं.

"चोर नव्हताच. समितीची गाडी होती. दिवसाढवळ्या. साहेबाची माणसं साहेबाचा दगड काढतात, त्यात कोण काय बोलणार? समितीची गाडी तुमच्या ताब्यात. गावात पोरं तुम्ही पाठवली, आणि काय विचारायचं ते तुम्हीच सांगितलं. चोर पाहिला का. तुम्हाला माहीत होतं, लोक खरंच सांगतील. नाही म्हणून."

बंडूजी बारदान सरळ करत राहिले.

"नानाजींना दगड जागेवर हवेत. मोहिनीताईंच्या मनात काही असतं तर त्यांनी मला वाट दाखवली नसती, त्यांनी तर मला सांगितलं की चोर ते मांडणार आहे. न झालेल्या कामांचेच दगड गेले. ती यादी कुणाला पाठ असणार? ज्यानं प्रत्येक दगड माईकवर वाचला त्याला. नारळ एका झटक्यात, दोन सारख्या वाट्या. आणि..." त्या थांबल्या. "आणि गुंजनचा दगड तुम्ही नाही नेला. बाकी सारं कुणीही केलं असतं. हे फक्त बापानं."

बंडूजी खाली बसले. क्रेटला पाठ टेकून.

"मले सारं माहीत होतं, ताई," ते म्हणाले. "शीतगृह नाई होनार. ओटे नाई होनार. नळ नाई येनार. दगड लावतानाच माहीत असे. राती मीच हसत जाऊ घरी, लोकायले कसं बनवलं म्हनून. पन बोरखेडीच्या दगडावर... त्यानं माह्याकडं पाहून म्हनलं ना. तुही पोरगी या पुलावरून. भाषणात माहं नाव घेतलं. मले वाटलं, बाकीच्यायले लबाडी, मले खरं. तीस वर्षं मी त्याच्यासंगं लबाडी केली, मले कसं लबाडन तो?"

कोंबडी क्रेटपाशी आली. त्यांनी हातानं हाकलली.

"अन् चवथ्या दिवशी त्यानं दुसरा दगड आनला. राख गार नव्हती झाली. मले म्हने, बंडू, नारळ. अन् म्या फोडला. एका झटक्यात. दोन सारख्या वाट्या." त्यांनी आपले दोन्ही तळवे बघितले. "त्या दिवशीच ठरवलं. पन घाई नाई केली. त्याले तुलेत बसायची लय हौस. पंचाहत्तरी येऊ दे म्हनलं. अध्यक्ष येऊ दे. पोराचं तिकीट हातातोंडाशी येऊ दे. मंग तोलू."

"तिकीट गेलं की काय मिळणार तुम्हाला?"

"मले काय मिळायचं राह्यलं? त्याचं जाईन ना. तेवढं बस."

अंगणात ओल्या सांभाराचा वास होता.

"सांगायचं असन तं सांगा रत्नदीपले," बंडूजी म्हणाले. "मी पळत नाई."

ताईंचा फोन वाजला. रत्नदीप. त्यांनी स्पीकर लावला नाही, पण आवाज मोठा होता.

"ताई, उद्या सकाळी अध्यक्ष येतात. दगड मिळाले का?"

उज्वलाताईंनी बंडूजींकडे बघितलं, मग सांभाराकडे.

"मिळाले. नऊही. एक टवका उडालेला नाही. उद्या कार्यक्रमाच्या जागी असतील."

"देवासारख्या आलात! उद्या तुम्ही स्टेजवरच बसायचं." मग जरा थांबून, "म्हणजे आता काळजी नाही ना?"

दगड कुणी नेले, हे त्यानं विचारलं नाही. कार्यक्रमाच्या जागी म्हणजे नेमके कुठं, हेही नाही. काळजीचा प्रश्न मात्र सरळ होता, आणि नियमानं त्याचं उत्तर द्यायला हवं होतं. ताईंना बाजेवरचे साहेब आठवले, हात उलटा करणारे. *माणूस नावाले भुकेला असते.*

"मी येते उद्या," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांचा नियम मोडायची ही त्या दिवसातली दुसरी वेळ.

---

समुद्रपूरचं मैदान भरलेलं. भाजीवाल्या बाया पुढे, खुर्च्या मागे. स्टेजवर प्रदेशाध्यक्ष, रत्नदीप, आणि कडेच्या खुर्चीत उज्वलाताई. स्टेजखाली मोकळ्या जागेत काटा उभा.

साहेब एका पारड्यात मांडी घालून बसले. गळ्यात झेंडूचे हार, हात जोडलेले. माईक बंडूजींच्या हातात.

"पयलं क्रेट," ते त्या ओळखीच्या आवाजात म्हणाले, "शालूबाईच्या शेतातलं. वांगी."

शालूबाईंनी क्रेट ठेवलं. दांडी जरा हलली, परत बसली. टाळ्या.

"दुसरं क्रेट. समुद्रपूर."

हे क्रेट उचलायला चार माणसं आली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सांभाराला चार माणसं कायले?

"तिसरं क्रेट. वडनेर."

पारडं धाडकन जमिनीवर आदळलं आणि साहेब वर गेले. एक चप्पल खाली पडली. त्यांनी हात जोडलेलेच ठेवले, हसू ठेवलं. मैदानानं टाळ्या वाजवल्या. अध्यक्षही हसले.

क्रेट येतच राहिले. चौथं. सहावं. नववं. नंतर दहावं. साहेब वरच होते.

"बस ना बंडू," साहेब वरून हळूच म्हणाले. माईकनं ते साऱ्या मैदानाला ऐकवलं. "उतरव आता."

"तोलून नाई झालं, साहेब."

बंडूजींनी दुसऱ्या क्रेटवरचं बारदान काढलं. सांभार बाजूला केला. दगड उभा करून क्रेटला टेकवला, लोकांकडे तोंड करून. आणि तीस वर्षं ज्या आवाजात वाचलं त्याच आवाजात वाचलं.

"भाजीपाला शीतगृह, समुद्रपूर. भूमिपूजन. श्री. महादेवराव निखाडे यांच्या शुभहस्ते."

कोणी टाळी वाजवली नाही.

"भाजी बाजार ओटे, वडनेर."

"मुलींचे वसतिगृह."

वसतिगृहावर शालूबाईंचा आवाज आला, "अवो, माहा वड्याचा दगड!" आणि मैदान फुटलं. हसू पुढच्या बायांपासून सुरू झालं आणि खुर्च्यांपर्यंत पोचलं. मागून कोणीतरी ओरडलं, "निखाडे साहेब, आगे बढो!" दुसऱ्यानं उत्तर दिलं, "आगे नाई बे, वर बढो!" नानाजी शेवटच्या रांगेत उठून उभे राहिले होते. ते हसत नव्हते. आपलं प्रचाराचं सगळं सामान एका जागी बघून ते हात जोडून उभे होते.

रत्नदीपनं उज्वलाताईंकडे बघितलं. ताईंनी मान खाली घातली नाही.

प्रदेशाध्यक्ष उठले. जाहीर करायचं नाव त्यांच्या तोंडात होतं, ते तसंच घेऊन ते मागच्या पायऱ्यांनी उतरले. गाडीचं दार लागल्याचा आवाज स्टेजवर ऐकू आला.

"काऊन रे बंडू?" साहेब वरून म्हणाले. आता हात जोडलेले नव्हते. साखळी धरलेली होती. "काऊन?"

बंडूजींनी नववा दगड वाचून संपवला. बोरखेडी नाला पूल. मग वर बघितलं.

"एक दगड नाई आनला, साहेब. तिचं नाव मी तुमच्यासमोर तोलत नाई."

त्यांनी माईक जमिनीवर ठेवला, चालूच, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. कोणी अडवलं नाही. बायांनी पदर सावरून जागा दिली.

साहेबांना उतरवायचं तर दुसरं पारडं हलकं करायला हवं होतं. दगड एकेक करून उचलायला हवा होता. कार्यकर्ते पुढे झाले. पहिला दगड चौघांनी धरला, मजकूर बाहेरच्या बाजूला, कारण मागची बाजू सिमेंटनं खडबडीत होती आणि हाताला टोचत होती. साहेब हलले नाहीत. दुसरा काढला. तिसरा. शेवटचे दोन दगड उरेपर्यंत साहेब एक बोटही खाली आले नाहीत, आणि प्रत्येक दगड त्यांच्यासमोरून, मैदानासमोरून, वाचता येईल असा गेला.

फोटोग्राफर काट्याच्या अगदी पुढ्यात बसला होता. नऊही दगडांचे फोटो त्यानं काढले, वर साहेब, खाली मजकूर, एकाच चौकटीत.

या वेळी त्यानं कोणालाही विचारलं नाही.